प्रेताला हसायचं की नाही? सतीश शाह, ‘जाने भी दो यारों’ आणि आमच्या घरातलं भांडण

स्लो लोकल

आमच्याकडे या वर्षी दिवाळी नव्हती. बाबा मार्चमध्ये गेले, त्यामुळे कंदील नाही, तळण नाही. शेजारच्यांनी आणून दिला तेवढाच फराळ. २५ ऑक्टोबरला, शनिवारी, सतीश शाह गेल्याचं कळलं. असरानींना जाऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. संध्याकाळी मी फार काही न ठरवता ‘जाने भी दो यारों’ लावला. आई बाजूला मेथी निवडत बसली होती. तिचं लक्ष असेल असं वाटलंच नव्हतं.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: १९८३चा सिनेमा, दिग्दर्शक कुंदन शाह, एनएफडीसीच्या (सरकारी चित्रपट विकास महामंडळाच्या) जेमतेम सात लाखांत उरकलेला. मुंबईत फोटो स्टुडिओ टाकलेले दोन भाबडे मित्र (नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी), त्यांना कामाला लावणारी ‘खबरदार’ची संपादिका (भक्ती बर्वे), एकमेकांच्या मुळावर उठलेले दोन बिल्डर तरनेजा आणि आहुजा (पंकज कपूर, ओम पुरी), आणि पालिका आयुक्त डिमेलो. तो सतीश शाह. डिमेलोचा खून होतो आणि पुढचा सगळा सिनेमा त्याचं प्रेत इकडून तिकडे पळवण्यात जातो. म्हणजे सहायक भूमिका, त्यातही पुष्कळ वेळ मेलेली.

तर, आहुजा रात्री झिंगून येत असतो. रस्त्यात डिमेलोची शवपेटी दिसते आणि ती त्याला बंद पडलेली मोटार वाटते. आतल्या ‘ड्रायव्हर’ची विचारपूस, टायरची विचारपूस, आणि शेवटी पेटी आपल्या गाडीला बांधून ओढत नेणं. आई हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसतात तसं नव्हे. मेथीची जुडी मांडीवरून घरंगळली, ती उचलायचंही तिला सुचेना. मार्चनंतर पहिल्यांदा. मी सिनेमा सोडून तिच्याकडेच बघत बसलो.

नेमके तेव्हा दाजी आले, चकलीचा डबा परत द्यायला. दारातूनच त्यांना पडदा दिसला. “अरे, तो माणूस आज गेलाय. अजून नेलासुद्धा नसेल. आणि तुम्ही त्याचं प्रेत बघून हसताय? या घरात? या वर्षी?” आई एकदम गप्प झाली, मेथी गोळा करायला लागली. रात्री घरच्या ग्रुपवर दाजींचा लांबलचक निरोप. ‘संवेदना’ हा शब्द त्यात चार वेळा.

मला यात वावगं काही वाटत नाही. उलट हाच सिनेमा त्या दिवशी लावण्याजोगा होता. कारण या सिनेमात डिमेलोला श्रद्धांजली वाहिली जाते, आणि ती कोण वाहतं? ज्याने त्याला मारलं तो तरनेजा. आयुक्तसाहेब आजाराने गेले असं जाहीर करतो, त्यांच्या नावाने पूल उभारतो, उद्घाटनाला गळा काढून बोलतो, आणि पेटी तिथेच पुरलेली असते. या गोष्टीत जो गंभीर चेहऱ्याने शोक करतो तो चोर आहे. मग आपण तोच चेहरा करून हा सिनेमा बघायचा?

तुम्हाला काय वाटतं? दाजींची बाजू घेतलीत तरी चालेल, ते इथे नाहीत.

मिरची कांडप

घेतो मी दाजींची बाजू, पण माझं कारण वेगळं आहे. मला सुतकाशी देणंघेणं नाही. मला ही निवडच चुकीची वाटते.

सतीश शाह गेल्यावर ज्याला त्याला ‘जाने भी दो यारों’ आठवला. का? तर तो आवडतो असं सांगितलं की आपण जरा वरच्या वर्गातले प्रेक्षक ठरतो. खरं सांगा, त्यात त्यांचं काम काय? तोंड रंगवून पडून राहणं. हसू येतं ते त्यांना उचलणाऱ्यांमुळे. शवपेटीच्या प्रसंगात पेटीत कणकेचं पोतं ठेवलं असतं तरी ओम पुरींनी हसवलंच असतं. मग तुमच्या आईंनी हसून श्रद्धांजली वाहिली ती ओम पुरींना, आणि तीही आठ वर्षं उशिरा.

सतीश शाह बघायचे तर ‘ये जो है जिंदगी’ बघा. १९८४ची मालिका. दर भागात हा माणूस नवा. नवं सोंग, नवी बोली, नवी चाल. आठवड्याला एक नवं माणूस उभं करायचं आणि पुढच्या आठवड्याला मोडून टाकायचं, हे खायचं काम नव्हे. नाहीतर ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’तला इंद्रवदन बघा. तिथे ते जिवंत आहेत, खुर्चीत बसल्या बसल्या एका वाक्यात अख्ख्या घराची वाट लावतात. नटाला त्याच्या जिवंतपणी केलेल्या कामासाठी आठवावं की नाही? तुम्ही त्याच्या मुडद्यालाच धरून बसलात.

तिसरी घंटा

मिरची, कणकेच्या पोत्याबद्दल बोलायचा अधिकार या धाग्यावर बहुतेक मला एकट्याला आहे. मी प्रेत झालोय.

राज्य नाट्य स्पर्धा, सांगली केंद्र, बऱ्याच वर्षांपूर्वी. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडतो तेव्हा मी मेलेला, अंक संपेपर्यंत मेलेला. भूमिका मिळाली तेव्हा मलाही वाटलं, बरं झालं, पाठांतर नाही. तालमीत दिग्दर्शकाने दोघांना मला उचलायला सांगितलं आणि दहा सेकंदांत ओरडला, “अरे, तू मदत करतोयस!” मला कळेचना. मग त्याने दाखवलं. जिवंत माणसाला उचललं की तो नकळत मान सांभाळतो. पोट आवळतो. पायाची बोटं ताठ होतात. उचलणाऱ्याच्या खांद्यावर आपला हात पडला की बोटं आपोआप धरायला जातात. हे सगळं सोडायचं. अंग टाकायचं म्हणतात ते. आणि अंग टाकलं की भीती वाटते, कारण डोकं आपटणार हे शरीराला आधी कळतं. मला ते जमायला तीन आठवडे लागले. प्रयोगात नाकावर पावडर जास्त बसली होती, श्वास उथळ घेत होतो, आणि पहिल्या रांगेतलं एक पोर ओरडलं, “हलला! मेलेला हलला!” आमचा करुण अंक तिथेच संपला.

आता डिमेलो बघा. मी आडवा होतो. हा माणूस उभा आहे! त्याला रोलर स्केट घालून ढकलत नेतात. चाकांवर उभं राहायचं म्हणजे जिवंत माणसाचे गुडघे, घोटे, कंबर सतत कामात असतात; तोल सांभाळायचा आणि तोंडावर, खांद्यात, हातात मात्र प्राण नाही असं दिसलं पाहिजे. कमरेखाली जिवंत, कमरेवर मेलेला. त्यातून सतीश शाहांचा देह भरभक्कम. सडसडीत माणूस असता तर ती बाहुली वाटली असती. इथे आयुक्ताचं वजन दिसतं. मेल्यावरही तो खात्याचा प्रमुखच वाटतो.

आणि महाभारताचा प्रसंग. पाठलाग होता होता सगळे एका नाटकाच्या स्टेजवर घुसतात, तिथे द्रौपदी वस्त्रहरण चाललेलं, आणि द्रौपदी म्हणून उभं केलंय डिमेलोचं प्रेत, साडीत. भोवती भीम, दुर्योधन, आंधळा धृतराष्ट्र सगळे बोंबलतायत. दुःशासन आहे विधू विनोद चोप्रा. सिनेमाची निर्मिती-व्यवस्था सांभाळणारा माणूस, त्यालाच उभा केला. या सगळ्या गदारोळात एकच जण काही करत नाही, आणि डोळा पुन्हा पुन्हा त्याच्यावर जातो. तिथे पोतं ठेवून बघा. पोत्याला लाज वाटत नाही. या प्रेताच्या मख्ख चेहऱ्याकडे बघून मला दर वेळी वाटतं, याला कळतंय सगळं, पण साहेब आहेत, बोलणार नाहीत.

जाता जाता: अनुपम खेर यांचं ‘डिस्को किलर’ नावाचं पात्र या सिनेमात होतं. संकलनात सगळं गेलं. जिवंत नट कापला गेला आणि मुडदा टिकला.

अनुस्वार

धागाकर्त्याच्या घरी जे झालं ते मला आवडलं, पण दाजींना इतकं झटकून टाकू नका.

सतीश शाहांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी ‘साराभाई’च्या मंडळींनी त्या मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं. बऱ्याच जणांना ते खटकलं. मला नाही खटकलं. ती त्यांची माणसं होती, वर्षानुवर्षं एका टेबलावर बसून त्यांच्याबरोबर जेवलेली. त्यांना तिथे गाण्याचा हक्क होता, तसा रडण्याचाही होता. आपला हक्क कुठला? आपण तिकीट काढलेले लोक. असरानींच्या घरच्यांनी तर अंत्यविधी उरकल्यावरच जगाला कळवलं. ज्याचं दुःख त्याच्याकडे राहू द्यावं, असा त्याचा अर्थ मी लावते.

घरच्यांनी हसणं आणि लोकांनी हसणं यात फरक आहे. आमच्या आजीच्या तेराव्याला आम्ही नातवंडं तिच्या तपकिरीच्या डबीवरून पोट धरून हसलो होतो. तेव्हाच शेजारच्या काकू हसल्या असत्या तर आम्ही त्यांना हाकलून दिलं असतं. दाजी तुमच्या घरात शेजारच्या काकू झाले असतील, पण सतीश शाहांच्या बाबतीत आपण सगळेच शेजारच्या काकू आहोत.

एक दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

स्लो लोकल

अनुस्वार, मुद्दा टोचला. पण एक दिवस थांबलो असतो तर मी तो सिनेमा लावलाच नसता. दुसऱ्या दिवशी रविवार होता, नळाचा माणूस येणार होता.

आणि हक्काचं म्हणाल तर, ज्या माणसाने आपल्या घरात चाळीस वर्षं ये-जा केली, त्याच्याबाबतीत आपण अगदीच परके कसे? बाबा ‘ये जो है जिंदगी’साठी शुक्रवारी लवकर घरी यायचे. ऑफिसातून लवकर येण्याची त्यांच्याकडे दुसरी कारणं नव्हती.

निवृत्त ओव्हरसियर

आपण सर्व तरुण मंडळी प्रेतावर चर्चा करता आहात. मी एका महापालिकेत ३१ वर्षं काढली (कुठल्या ते सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते). मला जिवंत डिमेलोबद्दल बोलायचं आहे, कारण तो मी पाहिला आहे.

सतीश शाहांनी तो साहेब जसा उभा केला आहे तसा कुणी केला नाही. साहेब अमेरिकेहून आले आहेत आणि गटाराबद्दल बोलताना त्यांना भरून येतं. तिकडचं गटार किती छान! केक खातानाही तेच: थोडा खायचा, थोडा फेकायचा, कारण अमेरिकेत तसंच करतात. प्रेक्षक हसतात. मी हे प्रत्यक्ष ऐकलेलं आहे. परदेश दौऱ्याहून आलेले आमचे एक साहेब मलनिःसारणाच्या बैठकीत पाऊण तास तिकडच्या झाकणांवर बोलले. मॅनहोलची झाकणं. आमच्या प्रभागात तेव्हा झाकणंच नव्हती, झाडाच्या फांद्या खोचलेल्या होत्या. गंमत अशी की साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखर गटारांवर प्रेम जडलं होतं. सतीश शाहांनी ते नेमकं पकडलं. डिमेलो लबाड आहे हे त्यालाच माहीत नाही. तो खुशीत आहे. इतर नटाने डोळे बारीक करून, पाकीट चाचपून भ्रष्ट साहेब केला असता.

पण मूळ प्रश्नावर माझं मत धागाकर्त्याच्या विरुद्ध आहे. मला हा सिनेमा आता बघवत नाही. पूल पडतो ना, तिथे. स्लॅब टाकताना काँक्रीटचे नमुने घेतात, १५ सेंटिमीटरचे ठोकळे, आम्ही क्यूब म्हणतो. सात दिवसांनी आणि २८ दिवसांनी ते दाबून फोडतात आणि ताकद मोजतात. नियम असा की स्लॅबमध्ये जो माल पडतोय त्यातूनच क्यूब भरायचा. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या पावसाळ्याआधी पाहिलं, कंत्राटदाराचा मुकादम कोपऱ्यात घमेल्यात वेगळा माल कालवत होता. सिमेंट सढळ हाताने. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, “साहेब, हे परीक्षेचं.” स्लॅबचा माल वेगळा, परीक्षेचा वेगळा. मी लिहून कळवलं. माझी बदली जन्म-मृत्यू नोंदणीला झाली.

तेव्हा मी हा सिनेमा दूरदर्शनवर पाहिला होता आणि फार हसलो होतो. आता पूल पडल्याच्या बातम्या पाहून झाल्यावर हसू घशात अडकतं. सतीश शाहांना आठवायचं असेल तर मी ‘मैं हूं ना’ बघतो, बोलताना थुंकी उडवणारे प्राध्यापक. त्यात कोणाच्या डोक्यावर काही पडत नाही.

मिरची कांडप

ओव्हरसियर काका, दंडवत. तुम्ही माझ्या बाजूने आहात की विरुद्ध तेवढं सांगा.

तिसरी घंटाला: प्रेत होणं अवघड, मान्य. शीर्षासनही अवघड असतं, पण त्याला कोणी अभिनय म्हणत नाही. तुम्ही कष्ट मोजताय, मी कला विचारतोय.

आणि सिनेमाबद्दलही बोलतोच. परवा मी पुन्हा पाहिला, या धाग्यासाठीच. पहिला तास रखडतो. अर्धे विनोद ‘आपण किती गमतीदार आहोत बघा’ अशा थाटाचे. पाठलाग लांबतच जातो. आपल्याला आठवतं ते महाभारत, आणि त्या वीस मिनिटांच्या पुण्याईवर बाकीचे दोन तास तरून जातात. नवा सिनेमा असता आणि आज आला असता तर इथेच तुम्ही दीड तारा देऊन मोकळे झाला असता.

फुलराणी७५

मला या सगळ्याचाच राग येतोय, आणि तो सतीश शाहांवर अजिबात नाही.

फेब्रुवारी २००१मध्ये भक्ती बर्वे एक्स्प्रेसवेवरच्या अपघातात गेली. तेव्हा तुमच्यापैकी कोणी हा सिनेमा लावला? मी लावला नाही. मला सुचलंही नाही. सगळ्यांनी ‘ती फुलराणी’ आठवलं, मीही. आपल्या मराठी माणसांना ती तेवढीच ठाऊक.

यात तिने काय केलंय ते पुन्हा बघा. मुंबई दूरदर्शनवर बातम्या देणारी बाई. लोक तिच्या तोंडून बातमी ऐकायचे आणि ती खरी मानायचे. तोच स्वच्छ, ठाम, विश्वासाचा आवाज घेऊन ती शोभा सेन करते. ‘खबरदार’ची संपादिका, सत्याची कैवारी, दोन्ही पोरं तिच्यावर भाळलेली. आणि खुनाचे फोटो हाती येताच ती त्यांचा सौदा करायला निघते. आवाज तोच! एक सूर इकडचा तिकडे नाही. बिल्डर तर पहिल्या दृश्यापासून बिल्डरच आहेत. फसवते ती. प्रेताबरोबर जी फरफट होते ती तिच्यामुळे होते, आणि तिच्याबद्दल या धाग्यावर आतापर्यंत एका कंसाइतकी जागा.

सहायक नट गेला की सिनेमा लावायचा असेल तर यादीच करा. संकलक रेणू सलुजा २०००मध्ये गेली, भक्ती २००१मध्ये, रवी बासवानी २०१०मध्ये. २०१७ सालात जानेवारीला ओम पुरी आणि ऑक्टोबरला स्वतः कुंदन शाह. संगीतकार वनराज भाटिया २०२१मध्ये. सतीश कौशिक २०२३मध्ये. संवाद लिहिण्यात त्यांचा वाटा होता, पडद्यावरही होते. प्रत्येक वेळी लावला असता तर मिरचीला हा सिनेमा पाठ झाला असता आणि तो रखडतो की नाही हा प्रश्न सुटला असता.

तिसरी घंटा

फुलराणी, कानाला खडा.

मिरची, शीर्षासनाला उत्तर देतो आणि थांबतो. अभिनय म्हणजे समोरच्याला काही देणं. तुम्हीच म्हणालात की शवपेटीच्या प्रसंगात हसवतात ते ओम पुरी. बरोबर. का हसवू शकतात? कारण पेटीतला माणूस त्यांना एक तसूभरही उत्तर देत नाही. दारुड्याला उत्तर न देणारा माणूस हवा असतो. सतीश शाहांनी तिथे भुवई जरी उडवली असती, आणि विनोदी नटाला तो मोह आवरत नाही हो, सांगतो, तर प्रसंग त्यांच्याकडे आला असता आणि मेला असता. त्यांनी तो ओम पुरींना दिला. मागे काम करणारा माणूस याहून वेगळं काय करतो? आमच्याकडे नवीन पोरं येतात, त्यांना दोन वाक्यांची भूमिका दिली की चौथ्या प्रयोगापर्यंत त्याची सात वाक्यं होतात. त्यांना मी डिमेलो बघायला सांगतो.

‘ये जो है जिंदगी’ तुम्ही पुढे केलंत. त्याच्या दिग्दर्शकांत कुंदन शाह होतेच. ज्याने या माणसाला निम्मा सिनेमा गप्प ठेवला, त्यानेच वर्षभरात त्याला दर आठवड्याला बोलायला लावलं. त्याला ठाऊक असणार आपल्या हाताशी काय आहे ते.

कुकरची शिट्टी (न्यू जर्सी)

आमच्याकडच्या काही कुटुंबांनी एका तळघरात हा सिनेमा दाखवायचं ठरवलं. आधी सतीश शाहांसाठी दोन मिनिटं उभं राहायचं असं कोणीतरी सुचवलं. उभे राहिलो. अर्ध्यात एकाच्या लक्षात आलं की पुढचे दोन तास आपण ज्याच्यासाठी उभे आहोत त्यालाच उभं करून फिरवणार आहेत, आणि तो फिस्सकन हसला. मग सगळेच. दोन मिनिटं पूर्ण झाली नाहीत. चूक होती का, मला अजून ठरवता येत नाही. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीला महाभारत काहीच कळलं नाही, कारण तिला मूळ महाभारतच धड माहीत नाही; तो दोष सिनेमाचा नव्हे. पण तिने एक विचारलं: या माणसाच्या घरचं कोणीच कसं शोधायला येत नाही? इतक्या वेळा पाहिला, मला कधी हा प्रश्न पडला नव्हता.

अनुस्वार

तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. हेच तर माझं म्हणणं होतं. डिमेलोवर हसता येतं, कारण त्याला घरचं कोणी नाही. सतीश शाहांना होतं.

मिरची कांडप

आता मात्र हा धागा जड झाला. मी माघार घेत नाही, पण त्या गप्प राहण्याच्या मुद्द्यावर पास. ‘इंद्रवदन’ मात्र सोडणार नाही.

निवृत्त ओव्हरसियर

मिरची यांना: मी कोणाच्याच बाजूने नाही. मी पेन्शनर आहे.

स्लो लोकल

सगळ्यांचं वाचलं. फुलराणी यांचा ओरखडा मला लागू. कंसात टाकलं मी भक्ती बर्वेंना, आणि नंतर सिनेमा पुन्हा लावला तेव्हा त्यांच्याकडेच बघत होतो. फोटोंची बोलणी करताना त्या आवाज चढवत नाहीत, उलट थोडा उतरवतात. अंगावर काटा येतो.

पुन्हा लावला तो आईमुळे. दाजी आले त्या दिवशी तिचा सिनेमाचा शेवट बघायचा राहिला होता. दूरदर्शनवर लागायचा तेव्हाही तो नेहमी राहायचा, म्हणाली. बाबा बघायचे आणि ही दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी करायला उठायची. तर काल आम्ही दोघांनीच बसून शेवटपर्यंत पाहिला. पेटीला हसली, साडीतल्या डिमेलोला हसली. मग सगळे बडे एक होतात, पूल पडल्याचा आळ या दोघांवर येतो. कैद्यांचे कपडे घालून दोघं चालतायत, मागे ‘हम होंगे कामयाब’, आणि आपल्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवतात.

आई म्हणाली, “सुटले का मग हे?”

म्हटलं, “नाही.”

“मग एवढं हसवलं कशाला?”

मी म्हटलं, अगं, तेच तर... आणि पुढे मला काही बोलता येईना. ती उठून गॅस बंद आहे का बघायला गेली. माझ्याकडे अजून उत्तर नाही.

मिरची कांडप

आईंना इथे खातं उघडून द्या. दाजींनाही चालेल.